टाके सुटायचे आणि मी मशीन उघडत बसायचो

घरातल्या साध्या शिलाई मशीनवर लेदर शिवता येतं असं मला कोणीतरी सांगितलं होतं आणि ते अर्धवट खरंही आहे, म्हणजे मऊ पातळ क्रोम लेदरचे (क्रोमच्या रसायनाने कमावलेल्या चामड्याचे) दोन पदर, लेदरची सुई, लांब टाका आणि चाक हाताने फिरवायची तयारी असेल तर येतं. मी मात्र पहिल्याच दिवशी २ मिमी व्हेज टॅनचे, म्हणजे झाडाच्या सालीच्या रसात कमावलेल्या कडक चामड्याचे, तीन पदर त्या बिचारीच्या फूटखाली, म्हणजे माल दाबून धरणाऱ्या पायाखाली सरकवले. मोटर घूं करून अडकली, मी पेडल अजून दाबलं, सुई मोडली आणि टोक गालाला चाटून गेलं. तेव्हापासून मशीनवर बसताना डोळ्यावर चष्मा असतोच, नंबरचा नाही, साधाच, पण असतो.

सुई मोडली त्याचं काही नाही, सुया मोडतातच. खरी गंमत त्याआधी कळली होती पण मी लक्ष दिलं नव्हतं. पातळ पट्ट्या शिवताना खालचा तुकडा पुढे जायचा आणि वरचा मागे राहायचा, बारा इंच शिवण झाली की शेवटी दोन्ही कडांमध्ये चांगला अर्धा सेंमी फरक. साध्या मशीनमध्ये कापड ओढायचं काम फक्त खालचे दाते करतात, वरचं फूट नुसतं दाबून बसलेलं असतं. कापडाला चालतं ते. लेदर फूटला चिकटतं, घसरत नाही, मग वरचा पदर मागे राहणारच. वॉकिंग फूट म्हणतात त्या मशीनमध्ये आतलं फूट, बाहेरचं फूट, खालचे दाते आणि स्वतः सुई असे सगळे मिळून माल पुढे नेतात, सुई लेदरमध्ये रुतलेली असतानाच पुढे सरकते त्यामुळे पदर एकमेकांवरून हलायला जागाच नाही. हे बघितल्यावर मी जुनी, वापरलेली वॉकिंग फूट मशीन घेतली आणि माझे खरे उद्योग तिथून सुरू झाले.

मशीन आली तेव्हा चाक हाताने फिरेना. तेल सुकून मधासारखं झालेलं, काही ठिकाणी तर पिवळ्या वार्निशसारखा थर. आधीच्या माणसाने काय काय तेल घातलं होतं देव जाणे, पण स्वयंपाकाचं किंवा डोक्याचं तेल मशीनमध्ये घातलं की काही महिन्यांनी नेमकं हेच होतं, ते सुकून गोंद होतं. मी स्वतः आधीच्या मशीनवर गंज काढायचा स्प्रे मारून ‘सर्व्हिसिंग’ केलेलं आहे त्यामुळे फार बोलायला तोंड नाही. तो स्प्रे जुनं तेल धुऊन काढतो, दोन दिवस मशीन मस्त पळते, मग तो उडून जातो आणि धातूवर धातू घासत बसतो. धुवायला वापरा पाहिजे तर, पण नंतर शिलाई मशीनचं पातळ पांढरं तेल घालायलाच लागतं.

तर मी काय केलं, सुई काढली, फूट काढलं, सुईखालची पट्टी म्हणजे प्लेट उघडली. दात्यांच्या फटीत काळा नमदा बसला होता, लेदरची धूळ, दोऱ्याचे तंतू आणि तेल मिळून दाबून दाबून झालेला, चिमट्याने अख्खा तुकडा निघाला, दात्यांचा साचा उमटलेला होता त्यावर. हूकच्या, म्हणजे खाली फिरत वरचा दोरा पकडणाऱ्या भागाच्या, खोबणीत कुठल्यातरी जुन्या सुईचं मोडकं टोक पण सापडलं. मग जुन्या टूथब्रशने रॉकेल लावलं, मोटर आणि वायर दूर ठेवून, खिडक्या उघड्या ठेवून. रॉकेल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी चाक थोडं मागे थोडं पुढे. जोर लावायचा नाही. एक सांधा तर तीन दिवस हलला नाही, मग हेअर ड्रायरने गरम केला आणि तेल सोडलं तेव्हा सुटला. सगळं पुसून कोरडं झाल्यावर तेलाच्या प्रत्येक भोकात एकेक थेंब, आणि थेंब टाकताना चाक फिरवत राहायचं म्हणजे तेल आत ओढलं जातं. भोकं शोधायची सोपी युक्ती म्हणजे चाक हळू फिरवा आणि कुठं कुठं धातू धातूवर घासतोय ते बघत जा, तिथं तेल जायची वाट बहुतेक असतेच. माझ्या मशीनवर काही भोकं रंगाखाली बुजलेली होती, ती टाचणीने उकरली.

मोटर जुनी क्लच मोटर होती. ती सतत फिरत असते आणि पेडल दाबलं की क्लच धरतो, कसलेल्या माणसाच्या पायाला जमतं ते, मला एकतर शून्य नाहीतर एकदम सुसाट एवढंच यायचं. सर्वो मोटर, म्हणजे पेडल दाबू तेवढीच फिरणारी, ती बसवली, वेग खाली आणला आणि मोटरवरची पुली लहान केली. पुली निम्मी केली की वेग निम्मा होतो आणि सुईला मिळणारा जोर जवळपास दुप्पट, लेदरला हेच तर पाहिजे असतं. नवशिक्याने मशीनवर एकच खर्च करायचा असेल तर मी हाच करायला सांगेन. एकेक टाका मोजून घालता येतो, कोपऱ्यावर थांबता येतं.

आता मूळ रडगाणं.

मशीन सुरेख चालायला लागली आणि टाके सुटायला लागले. आठ टाके नीट, नववा गायब, मग परत बारा नीट, मग दोन लागोपाठ गायब. वरून बघितलं तर एकाऐवजी दुप्पट लांबीचा टाका दिसतो, खाली बॉबिनचा दोरा सरळ पडलेला. मी व्हिडिओ बघितले, सगळे म्हणतात टाका सुटला की टायमिंग, म्हणजे सुई आणि हूक यांची भेटायची वेळ बघा. झालं. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. हूक ज्या स्क्रूंनी शाफ्टवर धरलेला असतो ते ढिले केले, थोडं सरकवलं, घट्ट केलं, शिवून बघितलं, परत ढिलं. पहिली जागा कुठं होती याची खूण केली नव्हती. चौथ्या पाचव्या वेळी चाक फिरवल्यावर कट्ट असा आवाज आला, सुई हूकवर आपटली. आता आठ सोडा, तीन टाके पण धड पडेनात आणि वर दोरा पिंजला जायला लागला.

असे आठ दहा दिवस घालवल्यावर मी लाज सोडून एका काकांना बोलावलं, आयुष्यभर चामड्याचंच काम केलेले. ते आले, खुर्ची ओढली, आणि मशीनला हातच लावेनात. आधी म्हणाले, “सुई काढून दे.” मी दिली. त्यांनी ती काचेच्या तुकड्यावर ठेवून फिरवली, सरळ होती. मग म्हणाले, “परत लाव, तू कशी लावतोस ते बघू दे.” मी लावली. तर इथं पहिली चूक. घरगुती सुईचा दांडा एका बाजूने सपाट असतो, ती उलटी बसतच नाही. या मशीनची सुई, डीपी×१७, तिचा दांडा गोल असतो, कुठल्याही कोनात बसते. सुईला एका अंगाला लांब खाच असते आणि दुसऱ्या अंगाला डोळ्याच्या जरा वर खळगा असतो, तो खळगा बरोबर हूकच्या बाजूला पाहिजे. माझी सुई जराशी तिरकी बसलेली, घड्याळात बारा वाजायच्या जागी साडेबारा वाजल्यासारखी. एवढ्याने रोज टाका सुटत नाही, कधी सुटतो कधी नाही, म्हणून तर माणूस वेडा होतो.

दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती मी कुठल्याच व्हिडिओत बघितली नव्हती, असेल तरी माझं लक्ष गेलं नव्हतं. तीन पदरांचा तुकडा फूटखाली ठेवला आणि चाक अगदी मुंगीच्या पावलाने फिरवलं. “सुईकडे नको बघूस, लेदरकडे बघ.” सुई खाली गेली, वर यायला लागली आणि तिच्याबरोबर लेदर पण वर आलं, जेमतेम एक दोन मिमी, मग सुईपासून सुटून खाली बसलं. हेच ते. सुई खालून वर येताना दोरा मागे राहतो, त्याचा छोटा फासा होतो आणि हूक त्या फाशात टोक घालतो. लेदरच सुईबरोबर वर आलं तर दोरा पण वर आला, फासा झालाच नाही, हूक रिकामा गेला. “फूटचं प्रेशर किती ठेवलंयस?” काकांनी विचारलं. मी गप्प. कारण प्रेशर मीच कमी केलं होतं, दात्यांचे वळ लेदरवर उठत होते म्हणून.

म्हणजे हिशोब असा, वळ नको म्हणून प्रेशर सोडलं, प्रेशर सोडल्यामुळे टाके सुटले, टाके सुटले म्हणून टायमिंग हलवलं, टायमिंग हलवलं म्हणून सुई हूकवर आपटली. मशीन आली तेव्हा तिचं टायमिंग चांगलं होतं हो!

मग त्यांनी टायमिंग परत लावून दिलं आणि मला बघायला लावलं. सुई तळाला जाऊन परत साधारण २ ते २.५ मिमी वर आली की हूकचं टोक सुईच्या मधोमध यायला पाहिजे, आणि त्या वेळी ते टोक डोळ्याच्या वरच्या कडेपासून दीड मिमीच्या आसपास वर पाहिजे. टोक आणि सुई यांच्यात फट कागदाच्या जाडीएवढी, लागायचं नाही पण लांबही नाही. जाड सुई लावून हे सेट केलं आणि नंतर खूप बारीक सुई लावली तर फट वाढते, म्हणून जी सुई रोज वापरणार तिच्यावरच सेट करायचं. आकडे मशीनप्रमाणे थोडे बदलतात, पण अंदाज हाच. आणि स्क्रू ढिला करायच्या आधी मार्करने रेघ मारायची, फोटो काढायचा, हे मी आता भिंतीवर लिहून ठेवलंय.

दोरा पिंजला जात होता तो हूकच्या टोकाला बर आली होती म्हणून, बर म्हणजे आपटल्यामुळे उचललेली धातूची बारीक कड. डोळ्याला दिसत नव्हती. जुन्या नायलॉन सॉक्सचा तुकडा टोकावरून फिरवला तर तंतू अडकला, तिथंच. १५०० नंबरच्या पॉलिश पेपरला तेल लावून फक्त तेवढीच जागा घासली, टोक बोथट होऊ नये म्हणून टोकाच्या दिशेने, चार पाच हात. सॉक्स सुटला, दोराही पिंजायचा थांबला.

आणि वळांचं काय? प्रेशर वाढवल्यावर ते परत आलेच. त्यावर उपाय प्रेशर कमी करणं नाहीच, फूट बदलणं आहे. लेदरसाठी गुळगुळीत तळाचं फूट मिळतं, मी जुन्याच फूटचे दाते कानसने काढून पॉलिश केले. खालच्या दात्यांचे वळ पाठीमागच्या बाजूला उठतात, तिथं मी काही केलं नाही, पिशवीच्या आतून कोण बघतंय.

दोरा आणि सुई याबद्दल थोडं, कारण निम्मी भांडणं इथंच मिटतात. बाँडेड नायलॉन, म्हणजे पदर चिकटवून एकसंध केलेल्या दोऱ्याचे नंबर टेक्समध्ये असतात, टेक्स म्हणजे १००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममध्ये वजन, म्हणून नंबर मोठा तसा दोरा जाड. सुईचा नंबर सोपा आहे, ११० म्हणजे १.१ मिमी जाडीची. टेक्स ७० ला ११० ची सुई, टेक्स ९० ला १२० किंवा १२५, टेक्स १३५ ला १४० आणि लेदर फारच कडक असेल तर १६०. आधी मी सुंदर बारीक भोक पडावं म्हणून जाड दोऱ्याला बारीक सुई लावायचो, मग गाठ वर दिसते, दोरा तुटतो. एक चाचणी करा, दोऱ्याचा हातभर तुकडा तिरका ताणून धरा आणि सुई त्यात ओवून वरून सोडा, ती स्वतःच्या वजनाने घसरत खाली आली पाहिजे, अडकली तर सुई बारीक आहे आणि दगडासारखी धपकन पडली तर जाड. पिशवी सतत उन्हात राहणार असेल तर नायलॉनऐवजी पॉलिस्टर घ्या, नायलॉन उन्हाने लवकर कमजोर होतो.

लेदर पॉइंट सुई आतून चाकूसारखी कापत जाते, टाके देखणे पडतात, पण त्याच शिवणीवर उलटे टाके घेताना ती आधीचाच दोरा कापू शकते. म्हणून मी शेवटी दोन तीन टाकेच मागे घेतो, तेही चाक हाताने फिरवून त्याच भोकात सुई जाईल असं बघत, मग टोकं मागे ओढून लायटरने वितळवतो. आणि टाक्याची लांबी. घरगुती मशीनच्या सवयीने २ मिमीचा टाका ठेवला तर तुम्ही पट्टा शिवत नाही, टपाल तिकिटाची कड तयार करता, ओढलं की त्या रेषेवर टरकन फाटतं. मी साधारण ३.५ ते ४ ठेवतो, जाड पट्ट्याला ५.

टेन्शनबद्दल, म्हणजे दोऱ्याच्या ताणाबद्दल लोक फार घाबरतात. मी वर निळा आणि बॉबिनला लाल दोरा घालून, ज्या जाडीवर काम करायचं त्याच जाडीच्या कचरा तुकड्यावर शिवतो. वर लाल ठिपका दिसला तर वरचा दोरा जास्त ताणलाय नाहीतर बॉबिन ढिली आहे, खाली निळा दिसला तर उलट. खाली दोऱ्याचं घरटंच झालं तर बॉबिनला शिव्या देऊ नका, दहातल्या नऊ वेळा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो, फूट खाली असताना ओवलेला असतो. फूट वर असताना ओवा, तेव्हा चकत्या उघड्या असतात. पहिल्या तीन टाक्यांना दोन्ही दोऱ्यांची टोकं हातात धरा, हे तर रोजचंच.

कोपरा वळताना पण टाका सुटायचा. सुई नुसती खाली ठेवून लेदर फिरवायचो मी. सुई तळाला जाऊन किंचित वर यायला लागली की थांबायचं, तोवर हूकने फासा धरलेला असतो, मग फिरवा, सुटत नाही.

एकदा दोरा अडकला आणि सुई वर खाली होतेय पण हूक ढिम्म हलत नाही असं झालं. मला वाटलं गेली मशीन. या जातीच्या बऱ्याच मशीनमध्ये सेफ्टी क्लच असतो, दोरा अडकला की तो सुटतो म्हणजे आतले भाग मोडत नाहीत. आधी अडकलेला दोरा कापून काढायचा, मग बेडवरचं छोटं बटण दाबून धरायचं आणि चाक उलटं फिरवायचं, जरा जोरात, खट् आवाज आला की बसला. तुमच्या मशीनमध्ये आहे की नाही ते अडकायच्या आधी बघून ठेवा.

तेलाचा एक किस्सा राहिला. बॉबिन बदलली की हूकवर एक थेंब, ही सवय चांगली आहे, पण तेल घातल्यावर लगेच चांगल्या मालावर बसू नये. मी बिनरंगाच्या व्हेज टॅनचा पुढचा भाग, सगळ्यात स्वच्छ तुकडा, तसाच शिवायला घेतला आणि दोऱ्याबरोबर तेल वर आलं. बोटभर डाग. व्हेज टॅन टीपकागदासारखं पितं, पुसून जात नाही. शेवटी अख्ख्या तुकड्यालाच नीट्सफूट ऑइलचे (लेदरला लावायच्या तेलाचे) दोन हात दिले, सगळं एकसारखं गडद केलं आणि घरी सांगितलं की असाच रंग पाहिजे होता. आता तेल घातलं की वीतभर कचरा तुकडा शिवून मगच माल.

लेदरकामाचं बाकी सगळं सांगत बसलो तर संपणार नाही. पण मशीनवर बसायच्या आधी जे करतो त्यावर मशीनचं वागणं अवलंबून असतं एवढं खरं. पट्टे जनावराच्या पाठीच्या कण्याच्या दिशेने कापा, पोटाकडचं लेदर ताणलं जातं आणि महिन्याभरात पट्टा लोंबतो. जिथं तीन पदर येतात तिथं कडा रापीने, म्हणजे चामडं तासायच्या सुरीने, तासून पातळ करा, मशीनला डोंगर चढायला लावू नका. रापीला दगडापेक्षा चामड्याच्या पट्टीवर पेस्ट लावून वारंवार घासणं जास्त उपयोगी, बोथट रापी घसरते आणि मग लेदर किंवा अंगठा यातलं एक जातं. गोंद दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्या, ओल्या गोंदातून सुई गेली की डोळा भरतो आणि परत टाके सुटतात, मग तुम्ही परत स्क्रू ड्रायव्हर शोधता. कडा घासून, किंचित ओल्या करून, जाड कापडाने जोरात रगडल्या की व्हेज टॅन चमकतं, क्रोमवर ही मेहनत वाया, त्याला एज पेंट लावा नाहीतर कड दुमडून घ्या.

पिशवीचे हँडल मात्र मी अजून हातानेच शिवतो, आरीने भोक, एकच मेण लावलेला दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया. शिवणीच्या चौपट दोरा घ्यावा लागतो, जाड लेदर असेल तर त्याहून जास्त. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की शिवण उसवत जाते, हाताच्या या टाक्यात एक बाजू तुटली तरी दुसरी धरून राहते. वजन उचलायच्या जागी मला तेच बरं वाटतं.

या मशीनवर शिवलेल्या पहिल्या पिशवीच्या मागच्या खिशावर तीन सुटलेले टाके अजून आहेत. काका म्हणाले होते उसव आणि परत घाल, पण लेदरला पडलेलं भोक बुजत नाही, परत शिवलं तर दुहेरी भोकं. मी तेवढ्या जागी त्याच भोकांतून हाताने दोरा घातला. जवळून बघितलं तर दिसतं, दोऱ्याचा रंग जरा वेगळा पडलाय.